पावण्याचं पुस्तक

वाकोल्यात स्वस्थ बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही, पण आईच्या पावण्याइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या सांताक्रूझ पूर्वेत झाला नसेल, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. पावणे म्हणजे पाहुणे नव्हेत, रीतसर करार करून राहिलेले भाडेकरू. पण आईने पहिल्याच दिवशी ‘पावणो’ म्हणून हाक मारली आणि मग सगळ्या बिल्डिंगने तेच नाव उचललं. फिलिपाईन्सचे, वय चौसष्ट, लेखक, प्राध्यापक आणि स्वतःच्या भाषेसाठी जन्मभर भांडलेले. आमच्याकडून चालत वीस मिनिटांवर विद्यापीठ आहे, तिथे दोन वर्षं शिकवायला आले होते. एजंट त्यांना तिसऱ्या मजल्यावरचा एसीवाला फ्लॅट दाखवायला घेऊन आला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर आई सुका बांगडा भाजत होती. ह्या बांगड्यावरून आमच्या सोसायटीत आजवर तीन मीटिंगा झाल्यात. पावणे जिन्यात थांबले, नाक वर केलं आणि एजंटला तिथेच सोडून वास काढत आईच्या दारात आले. मी शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहते. आवाज ऐकून बाहेर आले, तर हा परका गृहस्थ आईच्या ओट्याजवळ उभा राहून बोटं चाटतोय. आईची पुढची खोली भाड्याने द्यायची आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे आम्हालाही ठाऊक नव्हतं. आई म्हणाली, “रव्हांदे गो. ह्यो नाक मुरडूचो नाय.”

नाक मुरडलं नाही, पण बाकी आमची वाट लावली. हा माणूस बसतच नसे. जेवायला ताट वाढलं की ते उचलून खिडकीशी जायचं आणि उभ्याने जेवायचं. लिहायचं तेही चालताना. गळ्यात नाडीने अडकवलेलं परीक्षेचं पॅड, त्यावर फुलस्केप कागद, आणि पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत अशा येरझाऱ्या पहाटे पाचपासून सुरू. खालच्या मजल्यावरचे काका एके दिवशी वर येऊन मला म्हणाले, “तुमच्या आईकडे रोज वरात असते का हो?” मी पावण्यांना सांगितलं. ते इतके ओशाळले की दुसऱ्या दिवसापासून घरात चालणं बंद, आणि पॅड गळ्यात घालून थेट जुहूच्या वाळूपर्यंत जाऊन परत यायला लागले. रिक्षात बसवलं तर सिग्नलला रिक्षा थांबली रे थांबली की हे उतरून चालायला लागायचे. रिक्षावाला पुढच्या सिग्नलला गाठून गयावया करायचा, “अंकल, बैठो ना.” आई रोज ओरडायची, “बस रे मेल्या, भुतासारखो फिरतंस कित्याक?” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “मी बसलंय काय शब्द पण बसतत.”

हे उत्तर मालवणीत होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्याचीही एक कथाच आहे. पहिला महिना ते माझ्याशी इंग्रजी बोलत. असं इंग्रजी की आमच्या इन्शुरन्स कंपनीच्या मॅनेजरने ऐकलं असतं तर राजीनामा दिला असता. मग एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की ज्या घरात राहतो त्या घराचीच भाषा बोलायची, हा आपला नियम आहे आणि उद्यापासून घरात इंग्रजी बंद. मी खूश झाले, म्हटलं चला, मराठी शिकवू. पण घराची भाषा कोणती हे त्यांनी आईचं ऐकून ठरवलं होतं. चार महिन्यांत हा माणूस मालवणी बोलायला लागला, तीही शिव्यांसकट. भाजीवाल्याशी मालवणी, वॉचमनशी मालवणी, विद्यापीठातल्या क्लार्कशी मालवणी. तिथल्या एका प्राध्यापिकेचा मला फोन आला. म्हणाल्या, “त्यांना जरा प्रमाण मराठीची सवय लावा ना, परिसंवादात फार पंचाईत होते.” मी पावण्यांपुढे विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, “तेंका सांग, माझी पण पंचाईत होता.”

त्यांची स्वतःची भाषा त्यांच्या बेटाच्या किनाऱ्यावरच्या दहाबारा गावांत बोलतात. तिचं नाव मी इथे मुद्दाम देत नाही. लिहिण्यात काना मात्रा इकडेतिकडे झाली तर तिकडून फोन येईल आणि तो तासभर चालेल. ह्या भाषेपायी त्यांनी आपल्या चांगल्या चाललेल्या आयुष्याचं काय केलं ते ऐकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला होता. आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने मासळी सुकवून, विकून ह्यांना शिकवलं. सव्विसाव्या वर्षी ह्यांनी इंग्रजीत कादंबरी लिहिली, परदेशात बक्षीस मिळालं, राजधानीतल्या मोठ्या कॉलेजात नोकरी लागली. पुस्तक घेऊन बहिणीकडे गेले. तिने ते स्वच्छ फडक्यात बांधून घरातल्या संताच्या मूर्तीशेजारी ठेवलं, नमस्कार केला आणि म्हणाली, आता आत काय लिहिलंयस ते सांग. हे सांगायला लागले आणि अडकले. पुस्तकात त्यांचंच गाव होतं, त्यांचीच माणसं, तीच बहीण, आणि ती सगळी असं काही बोलत होती जे जन्मात कधी बोलली नसती. बहीण बराच वेळ ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, चांगली माणसं दिसतात, कुठली आहेत? त्या दिवसापासून ह्यांनी इंग्रजीत एक ओळ लिहिली नाही. प्रकाशक गेले, बढती गेली. तिकडच्या शाळांत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून पाटी अडकवायचे. तर हे प्रोफेसरमहाशय तशीच पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवून एक अख्खी टर्म कॉलेजात शिकवत राहिले. मी विचारलं, “लोक हसले नाहीत?” म्हणाले, “हसले. मगे हसाचा बंद झाला आणि पाटी पण बंद झाली.”

तिकडे काय करायचं ते करा हो, पण माझी मुलगी आठवीत आहे, तिच्या शाळेत वर्गावर्गात ‘ओन्ली इंग्लिश’ लिहिलंय, ही बातमी त्यांना कुणी दिली कोण जाणे. ओपन हाऊसच्या दिवशी मी शाळेत पोचले तर गेटवर गर्दी. मधोमध आमचे पावणे, गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर देवनागरीत सुवाच्य अक्षरांत: ‘मी मालवणी बोललंय.’ पालक मोबाईलवर फोटो काढतायत आणि हे येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्कार करतायत. माझी मुलगी एका झाडामागे उभी होती. म्हणाली, “मम्मी, तू ह्यांना ओळखत नाहीस असं सांग ना, प्लीज.” प्रिन्सिपल मॅडमनी मला आत बोलावलं आणि विचारलं, हे गृहस्थ तुमचे कोण? मी तिथे जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, आईचे भाडेकरू आहेत, जरा विक्षिप्त आहेत, लक्ष देऊ नका. परत येताना रस्त्याने ते नेहमीसारखे भरभर चालत होते आणि मी मागून धापा टाकत भांडत होते. “तुमची भाषा वाचवायची तर तिकडे वाचवा ना, माझ्या पोरीला कशाला त्रास?” ते थांबले. म्हणाले, “तू आवशीवांगडा तिच्या भाषेत कित्याक बोलणस नाय?” म्हणजे तू आईशी तिच्या भाषेत का बोलत नाहीस. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पार्ल्याच्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या होत्या. मी घरी येऊन ठरवलं, बस, आता नाही. तेव्हापासून आई मालवणीत विचारते आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर देते. आईने त्याबद्दल मला कधी हटकलं नाही. मी त्यांना म्हटलं, “ते तुम्हाला नाही कळायचं.” पण त्यांना कळलेलं होतं, आणि त्याचाच मला राग आला होता.

आता मुख्य गोष्ट. पावणे आमच्याकडे कादंबरी लिहीत होते, त्या बहिणीची. तिचं लहानपण, तिचं मोडलेलं लग्न, तिचा मासळीचा धंदा, सगळं तिच्याच भाषेत. आणि लिहून झालेलं प्रत्येक प्रकरण ते आईला वाचून दाखवत. आईला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, सर, हा कसला प्रकार? तर म्हणाले की ज्याला अर्थ कळतो तो माणूस लेखकाशी खोटं बोलतो, छान आहे म्हणतो. ज्याला कळत नाही त्याला फक्त चाल ऐकू येते, आणि चाल बिघडली की तो कंटाळतो, ते लपत नाही. आई तांदूळ किंवा सोडे निवडत बसायची आणि हे पॅड घेऊन खालच्या काकांच्या धाकाने हलक्या पावलांनी तिच्याभोवती फिरत वाचायचे. तिचा हात मंद झाला की प्रकरण जमलं. हात भरभर चालला की काहीतरी बिघडलंय. आणि आईने “चाय ठेवू काय रे?” असं विचारलं की ते प्रकरण बाद. तिथल्या तिथे पानं फाडून टाकायचे. मला वाटायचं दोघांनाही डॉक्टरकडे न्यावं. पण एकदा बहिणीच्या लग्नाच्या गमतीचं प्रकरण चाललं होतं, ते स्वतः वाचताना हसत होते, आणि आईने निवडायचं ताट बाजूला ठेवून डोळ्याला पदर लावला. ते घाबरले. “तुका कळला काय?” आई म्हणाली, “कळाक कित्याक व्हया? तुझो आवाज रडता.” त्या संध्याकाळी ते जुहूला गेले नाहीत. मला म्हणाले की चाळीस वर्षं ही गोष्ट मी गंमत म्हणून सांगत आलो.

ह्या पुस्तकाची घाई मात्र त्यांना जिवाच्या आकांताने होती, आणि ती कशासाठी ते आम्हाला एका सकाळी कळलं. ते रोज सहा वाजता बहिणीला व्हिडिओ कॉल करायचे, तिकडे तेव्हा साडेआठ झालेले असतात. बहीण त्र्याऐंशीची, ह्यांच्या भाचीकडे राहते. ह्यांना मुंबईला तिनेच पाठवलं होतं. इथे राहिलास तर नुसता माझ्याशी गप्पा मारत बसशील, पुस्तक पुरं झाल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, असा हुकूम होता. त्या सकाळी तिने स्क्रीनकडे पाहून भाचीला विचारलं, हा कोण माणूस आहे? गेले काही महिने ती विसरत चालली होती. शाळेत शिकलेलं मोडकंतोडकं इंग्रजी आधी गेलं, मग देशाची भाषा गेली, आता फक्त गावची बोली उरली होती, आणि तीही किती दिवस ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. पावणे आईच्या स्वयंपाकघरात उभे होते. म्हणाले, “तिका समाजता तवसर माका ह्या पुरा करूक व्हया. नायतर कोणाक वाचान दाखवू?”

आईने नारळ आणायला सांगितला. आमच्याकडे अडलं नडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे एकाने खणखणीत आवाजात मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. हे काम पुरुषमाणसाचं, पण आईने तो नियम त्या दिवशी गुंडाळून ठेवला. “बा देवा म्हाराजा,” तिने सुरुवात केली, “दर्यापल्याडसून इलेल्या ह्या पावण्याची भयण आठव इसारता हा, तेचा पुस्तक पुरा होयसर तिची आठव रव्हांदे रे म्हाराजा.” पावण्यांना साथ कुठे द्यायची ते समजेना, म्हणून ते प्रत्येक शब्दानंतर ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागले. आईची लय तुटायची, ती डोळे वटारायची, ते आणखी जोरात म्हणायचे. मग आई अडली. आपला देव तिकडे ओळखीचा नाही, हे तिच्या ध्यानात आलं. तिने डोळा उघडून त्यांना गावच्या संताचं नाव विचारलं आणि तेही गाऱ्हाण्यात घेतलं, वर देवाला सांगितलं की तेकापण जरा निरोप धाड. मी दारात उभी राहून हसत होते आणि माझे डोळेही भरले होते. नारळ फोडल्यावर पावणे म्हणाले, इतकं सरळ वाक्य मला एकदाही लिहिता आलेलं नाही.

त्यानंतरचे दोन महिने फार वाईट गेले. ते झपाट्याने लिहायचे आणि आई झपाट्याने चहा विचारायची. पहिल्या पानालाच “चाय ठेवू काय रे?” दुसरं प्रकरण, पुन्हा चहा. ते फाडायचे, पुन्हा लिहायचे, पुन्हा चहा. चेहरा खप्पड झाला, दाढी वाढली, विद्यापीठात जाणं बंद केलं. एकदा तर सबंध मधला भागच फाडून केराच्या बालदीत टाकला आणि गॅलरीत जाऊन रेलिंगला धरून उभे राहिले. मला राहवेना. मी आईला आत नेऊन विचारलं, “आई, इतकं वाईट लिहितायत का ते? थोडं ऐकून घे ना गं. त्यांच्या बहिणीजवळ फार दिवस उरलेले नाहीत.” आई म्हणाली, “अगो, वायट खय? ग्वाड वाचता. पण तेचा तोंड बघलंस मां? सुकान गेलो. पाच मिन्टां तरी बसांदे म्हणान चाय इचारतंय.”

आईला आपल्या चहाचा तिकडे काय अर्थ लावला जातोय ह्याचा पत्ताच नव्हता. पहिल्या वर्षी तिला खरंच कंटाळा यायचा तेव्हा ती चहा विचारायची, आता माया यायची तेव्हा विचारत होती, आणि ह्या शहाण्या माणसाने तिच्या मायेवर दीडशे पानं फाडली होती. मी गॅलरीत गेले आणि त्यांना सांगितलं. घाईत, राग येऊन, आणि कशी कोण जाणे, मालवणीत सांगितलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. वाटलं, आता रडतील. पण ते हसायला लागले. “चाळीस वर्सां मी टीकाकारांक भियालंय,” ते म्हणाले, “तेंकापण माझी कीवच येयत आसतली.” मग हसू ओसरलं आणि दोघांच्याही मनात तेच आलं, पानं गेली. आई मागून म्हणाली, “जातली खय?” आईने आयुष्यात कागद टाकलेला नाही. केराच्या बालदीतून तिने प्रत्येक कपटा उचलला होता आणि तिचं मांडणीवरचं सगळं सामान त्या कादंबरीवर उभं होतं. आम्ही तिघांनी डबे उतरवले. माझी मुलगी क्लासहून आली, ती पण न सांगता खाली बसली आणि तुकडे जुळवून चिकटपट्टी लावायला लागली. बहिणीचं लग्न मसाल्याच्या डब्याखाली निघालं, तिची मासळीची टोपली तेलाच्या किटलीखाली. भाषा येत नसताना पानं लावायची म्हणजे केवढी कटकट, पण पावणे उभ्या उभ्या दोन शब्द वाचायचे आणि नंबर सांगायचे.

त्यानंतर बरोबर अठराव्या दिवशी पुस्तक झालं. कराराचे तीन महिने बाकी असताना ते निघाले. जाताना आईच्या पाया पडले, आईने त्यांना सुक्या मासळीचं पार्सल दिलं, ते विमानात चालणार नाही असं मी सांगत होते आणि माझं कुणीच ऐकत नव्हतं. दहा दिवस फोन नाही. आई रोज सकाळी सहाला मोबाईल मांडीवर घेऊन बसायची आणि मी विचारलं की म्हणायची, काय नाय, असाच.

अकराव्या दिवशी फोन आला. आईने स्पीकर लावला. पावण्यांचा आवाज बसलेला होता. म्हणाले, मी आलो तेव्हा बहिणीने मला ओळखलं नाही. भाचीने नाव सांगितलं, तरी नाही. मी लांब उभा राहून पहिलं पान वाचायला लागलो. ती ऐकत राहिली. पान संपल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुमच्या भाषेत सांगायचं तर, “खयचो रे तू? आमच्यासारखो बोलतंस.” मी गावाचं नाव सांगितलं. तर म्हणाली, “मगे आपलोच मां तू. फुडे वाच.”

आई म्हणाली, “ह्या काय थोडा झाला?” मला मात्र ते थोडंच वाटलं, अजून वाटतं. ज्या बहिणीसाठी एवढी जिवाची उलघाल केली तिने आपल्या भावाला नावाने एकदा तरी हाक मारायला हवी होती. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, “रोज सकाळी जातंय. रोज इचारता खयचो तू. मी रोज गावाचा नाव सांगतंय आणि फुडला पान काढतंय.” अजून दोनशे पानं बाकी आहेत, म्हणाले, आणि आता त्यांना कसलीच घाई नाही.